उघडीपीचा दिवस

उघडीपीच्या दिवशी वाईट बातमी सांगायची नाही, असा सरकारी नियम कुठेही नव्हता. तरी गोंदियाच्या उपचार केंद्रात तो सगळे पाळत. प्रतीक्षागृहात नवी बाळं असत, नव्या सुना असत, कुणी नातवाची पदवीची टोपी आणलेली असे, कुणी नव्या घराच्या किल्ल्या. लग्नाचा मुहूर्तसुद्धा आता आजीची उघडीप पाहून काढत. भटजींना पंचांगाबरोबर केंद्राचं वेळापत्रक ठेवावं लागे. मरणं, घटस्फोट, बुडालेले धंदे मात्र फाटकाबाहेर राहत. त्या एका दिवशी जे दिसेल, ऐकू येईल, तेवढंच रुग्णाच्या डोक्यात कायमचं राहणार होतं. मग त्यात चांगलंच का ठेवू नये, असा साधा हिशेब होता.

रुचिता कटरे या खेपेला आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने सवयीने विचारलं, "ताई, यंदा काय ठेवायचं?"

"अजून ठरलं नाही," रुचिता म्हणाली.

तिची आई पुष्पकला आत तपासणीला गेली होती. हेमराज कटरे, रुचिताचे वडील, पौषात गेले होते. पुष्पकलाला ते माहीत नव्हतं. खरं म्हणजे तिला ते अनेकदा सांगून झालं होतं.

हा ताप चिचुंद्रीचा. भातगिरण्यांच्या कोंड्यात, बारदानात चिचुंद्र्या पूर्वीपासून होत्याच. त्यांच्या मुताची वाळलेली धूळ नाकात जाऊन माणूस आजारी पडेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण एका विषाणूने तो रस्ता शोधला आणि पूर्व विदर्भातल्या, छत्तीसगडातल्या गिरण्यांमधून तो पसरला. त्याला घाई नसे. तो मेंदूच्या पेशीत शिरायचा, तिच्या केंद्रकात बैठक मारायचा आणि शांतपणे स्वतःच्या प्रती काढत बसायचा. आधी बोट थरथरायचं, मग शब्द अडायचे, मग चालणं जायचं. वर्षाच्या आत माणूस जाई.

पुष्पकलाचं बोट थरथरू लागलं तेव्हा या तापावर काम करणारे डॉ. सुगत गजभिये स्वतः कटऱ्यांच्या गिरणीवर आले होते. साठीचे, ठेंगणे, बोलताना चष्मा पुसत राहणारे. हेमराजने त्यांना ओसरीत खाट टाकून दिली. समोर धानाची पोती उतरत होती.

"कटरेजी, पोतं गोदामात जातं ते कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"छाप्यावरून. आमचा छापा असला की आत."

"हमाल पोतं उघडून पाहतो का, आत काय आहे?"

"पाहत बसला तर दिवसाला चार पोती होतील, डॉक्टरसाहेब. छापा पाहायचा, पाठीवर घ्यायचं."

"पेशीचं काम असंच चालतं." डॉक्टर खाटेवर पुढे सरकले. "पेशीच्या मधोमध केंद्रक असतं. सगळी जनुकं, म्हणजे पेशी चालवायचे सगळे हुकूम, तिथं. केंद्रकाला भिंत आहे आणि भिंतीला दारं आहेत. प्रथिनं बनतात भिंतीबाहेर. ज्या प्रथिनाचं काम आत असतं, त्याच्या अंगावर एक छाप असते. पाच-सहा अमिनो आम्लांची लहानशी ओळ, दुसरं काही नाही. आम्ही तिला ओळखछाप म्हणतो. ती ओळ वाचणारं एक वेगळं प्रथिन असतं. ते माल उचलतं, दारातून आत नेतं, उतरवतं, परत येतं. त्याचं लांबलचक नाव आहे, पण आमच्या प्रयोगशाळेतली पोरं त्याला हमालच म्हणतात."

"आणि या विषाणूनं आमचा छापा चोरला," हेमराज म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा पुसायचं थांबवलं. "कसं ओळखलंत?"

"गिरणीवाल्याला विचारता? तुमसरच्या एकानं आमच्या छाप्याखाली तुकडा तांदूळ विकला होता. वर्षभर कळलं नाही."

"तसंच. विषाणूची प्रथिनंही भिंतीबाहेरच बनतात. पण त्यांच्या कडेला हुबेहूब तीच ओळ आहे. हमाल त्यांना उचलतो आणि आत नेऊन सोडतो. विषाणूला दार फोडावं लागत नाही. आपलीच माणसं त्याला पाठीवरून आत नेतात."

पुष्पकला तांदळाचं सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. थरथरणारं बोट तिने मुठीत धरलं होतं. "मग त्या हमालाले सुट्टी द्या ना बाप्पा," ती म्हणाली.

"तेच औषध आणलंय, वहिनी. हमालाच्या पाठीवर जिथं माल बसतो तिथंच हे औषध जाऊन बसतं. मग त्याला काही उचलता येत नाही. विषाणूची प्रथिनं बाहेरच पडून राहतात, सडून जातात."

लोकांनी पुढे त्या औषधाला 'अडसर' असं नाव दिलं. तेव्हा ते कुणाला सुचलं नव्हतं.

"आणि आमचा माल?" हेमराजने विचारलं. "तोही तोच हमाल नेतो ना?"

 डॉक्टरांनी समजावलं. पेशीत हमालांच्या अनेक जाती असतात. विषाणू त्यातल्या एकाच जातीवर अवलंबून आहे. त्वचेत, यकृतात, आतड्यात ती जात बसली तरी बाकीचे काम ओढून नेतात. मेंदूत मात्र त्याच जातीकडे आणखी एक काम आहे. आपण काही पाहतो, ऐकतो, तेव्हा ते आधी मेंदूच्या पेशींच्या सांध्यांवर, चेतासंधींवर, लिहिलं जातं. पाटीवर खडूने लिहावं तसं. काही तास टिकतं. ते कायमचं व्हायला हवं असेल, तर सांध्यापासून पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जावा लागतो, की हे ठेवा, यासाठी नवं बांधकाम करा. सांध्यापासून केंद्रक दूर असतं. निरोप्या प्रथिनं तिथवर पोचतात ती याच हमालाच्या पाठीवरून.

"म्हणजे औषध चालू असताना," रुचिताने विचारलं होतं, "आई नवीन काही लक्षात ठेवू शकणार नाही."

"जुनं सगळं राहील. तुम्ही, गिरणी, लग्न, माहेर, सगळं. नवं मात्र झोपेपर्यंतच."

पुष्पकला हसली. "म्हणजे दिवसाचं भांडण रात्री विसरायचं? हे तर मी लग्न झाल्यापासूनच करून राहिली."

"खोटं बोलते," हेमराज म्हणाला. "पंचवीस वर्षांपूर्वीचं काढते ही."

"ते जुनं आहे. जुनं राहते, डॉक्टर म्हणाले ना आताच."

तिने अडसर घेतला. बोटाची थरथर थांबली. रोज सकाळी उठून ती विचारायची, "कोणता महिना चालू आहे वं?" आणि उत्तर ऐकून कामाला लागायची.

हमाल कायमचा बसवून ठेवला तर मेंदूच्या पेशीच सुकतात, हे पहिल्या वर्षात कळलं. म्हणून दर काही महिन्यांनी एक दिवस औषध सोडावं लागे. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हमाल मोकळे. पेशींना त्यांचा रखडलेला माल मिळायचा, माणसाला एक पूर्ण दिवस आठवणीत ठेवता यायचा. विषाणूही त्याच दारातून थोडा पुढे सरकायचा. पावसाळ्यात मधेच ऊन पडतं तसा तो दिवस, म्हणून उघडीप. पुष्पकलाच्या लेखी आजारानंतरचं सगळं आयुष्य म्हणजे उघडीपींची एक ओळ होती. एकीत रुचिताची नोकरी, एकीत नागझिऱ्याची सहल, एकीत नुसताच पाऊस आणि वडे. प्रत्येक उघडीपीत हेमराज होता. गिरणी बंद ठेवून, दाढी करून यायचा.

तो गेला तेव्हा ती त्याच्याजवळ होती. अंत्यदर्शनाला बसली होती, आक्रोश केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उठून दोन कप चहा ठेवला आणि हाक मारली. रुचिताने सांगितलं. पुष्पकला जमिनीवर बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप, पुन्हा सांगणं, पुन्हा तोच आवाज. तो आवाज रोज पहिल्यांदाच येत होता.

दशक्रिया झाली तशी शेवंताआत्या, हेमराजची बहीण, म्हणाली, "पुरे कर वं पोरी. बाईले रोज विधवा करतं का? वहिनीले म्हण, रायपूरले गेला."

"किती दिवस?"

"तिले काय दिवस मोजता येते?"

मग बाबा गिरणीचे रबर रोल आणायला रायपूरला गेले. पुष्पकला रोज म्हणायची, "यंदा लवकर झिजले," आणि एक कप परत मांडणीवर ठेवायची. आरशासमोर उभी राहून कुंकू लावायची. शेजारच्या बायका नजर फिरवायच्या. एकदा एकजण आत्याला म्हणाली, "बरं दिसत नाही." आत्या म्हणाली, "मग तुमी तोंड तिकडे करा."

रुचिताच्या घरात आता दुःख तिच्या एकटीचं होतं. आई गात गात भांडी घासायची आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

डॉ. गजभियेंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीवर पुष्पकलाच्या मेंदूची दोन चित्रं होती, मागच्या उघडीपीचं आणि आत्ताचं.

"सरकलाय," ते म्हणाले. "पुढची उघडीप देता येईल, असं मला वाटत नाही. औषध चालू राहील, त्या तशाच राहतील, पण दार पुन्हा उघडायचं म्हणजे विषाणूला मोकळं रान."

"म्हणजे आजचा दिवस शेवटचा."

"लक्षात राहणारा शेवटचा. हो."

"मग मी नाही सांगत," रुचिता म्हणाली. "आज आम्ही जेवू, कुठेतरी फिरू. तिच्याजवळ शेवटचा दिवस तरी चांगला राहू दे."

"विचारतील ना त्या. हेमराज कुठे म्हणून."

"रायपूर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "घरी तुम्ही रोज रायपूर म्हणता, ते रात्री पुसलं जातं. आजचं पुसलं जाणार नाही. हमाल काय उचलतोय ते पाहत नाही, खरं असो की खोटं. उद्यापासून त्या रोज सकाळी उठतील ते हे आठवत, की शेवटच्या उघडीपीला आपला नवरा आला नाही. रबराचे रोल आणायला गेला. आणि तुम्हाला रोज नवं कारण द्यावं लागेल, ते का आले नव्हते याचं."



"आणि सांगितलं तर," रुचिता म्हणाली, "ती रोज सकाळी उठेल ती कालच सांगितल्यासारखी. त्यावर दुसरा दिवस कधी चढणारच नाही. माझ्या दुःखावर दिवस चढतायत, डॉक्टर. मला ते कळतं. तिच्या नाही चढणार."

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते मी नाकारत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"माझी बायको याच तापाने गेली. अडसर येण्याआधी. मला निवडावं लागलं नाही, म्हणून मी उत्तर देत नाही."

बाहेर शेवंताआत्या बाकावर बसली होती. तिने रुचिताचा चेहरा पाहिला आणि हात धरला. "सांगू नको वं. माझा भाऊ होता, मी सांगून राहिली. सांगू नको."

उघडीपीच्या खोल्या बागेकडे उघडत. पुष्पकला आत बसली होती. तिने मोरपंखी साडी नेसली होती, कुंकू ठसठशीत लावलं होतं. रुचिताला पाहून तिने मान वाकडी करून तिच्या मागे पाहिलं.

"ते गाडी लावून राहिले का?"

रुचिताच्या तोंडात रायपूर तयार होतं. इतके दिवस ते आपोआप येत होतं. आईने दाराकडे पाहत पदर नीट केला, हेमराज येताना करायची तसा, आणि रुचिताला ते बोलता आलं नाही.

"आई, बाबा गेले," ती म्हणाली. "पौषात. हृदयाचं झालं."

आई जमिनीवर बसेल म्हणून रुचिता पुढे झाली, सवयीने, आधार द्यायला. पण पुष्पकला खुर्चीवरच राहिली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.  मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न होता.

"आधी सांगितलं होतं मले?"

"हो."

"रडली मी?"

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी, आई."

"तुले रोज मले रडवा लागलं," पुष्पकला म्हणाली. तिने हात पुढे करून मुलीचा चेहरा जवळ घेतला. पौषानंतर पहिल्यांदा रुचिता कुणाच्या तरी खांद्यावर रडली.

दुपारी जेवण तसंच राहिलं. पुष्पकला विचारत होती आणि रुचिता सांगत होती. कोण कोण आलं, कुठे नेलं, पाणी कुणी दिलं. स्वतःच्या नवऱ्याचं मरण ती गावाकडची बातमी ऐकावी तशी ऐकत होती, एकेक गोष्ट पुन्हा विचारून, नीट लावून घेत.

"मी होती का त्यांच्यापाशी?"

"तूच होतीस. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. म्हणाले, पुष्पाला राहू द्या. बराच वेळ तुम्ही दोघंच होता."

"काय बोलले?"

 दवाखान्याच्या त्या खोलीतून आई बाहेर आली होती ते रुचिताला आठवलं. चेहरा शांत होता. म्हणाली होती, झोपले ते. काय म्हणाले, विचारल्यावर म्हणाली होती, घरी गेल्यावर सांगीन. मग डॉक्टर धावले, मग माणसं जमली, मग घर भरलं. रुचिता कुणाकुणाला फोन करत होती. उद्या विचारू, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. अडसर घेणाऱ्या माणसाच्या घरात इतकी वर्षं काढून ती उद्या म्हणाली होती. रात्री आई झोपली, आणि त्या खोलीतलं सगळं बोलणं या जगातून नाहीसं झालं. ते ऐकलेली दोनच माणसं होती. एक जळून गेलं होतं आणि दुसरं तिच्यासमोर बसून विचारत होतं.

"काय बोलले ते माझ्याशी? मी सांगितलं असंन ना तुले."

बागेत कुणाच्या तरी नातवंडाला टाळ्या वाजवून चालायला शिकवत होते. आज जे बोलू ते राहणार, हे रुचिताला माहीत होतं.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "म्हणाले, तुझ्याशी भांडण्यात जन्म बरा गेला."

पुष्पकलाला ओल्या डोळ्यांनी हसू आलं. "हेच म्हणतीन ते," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणतीन." आणि ते वाक्य तिने दोनदा स्वतःशी म्हटलं.

दिवेलागणीला नर्सने अडसर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पकलाने एकच कप ठेवला. उठल्या उठल्या तिला माहीत होतं. ती रडली, पण रुचिताला सांगावं लागलं नाही. त्यानंतर रोज सकाळ अशीच उगवू लागली, कालच कळल्यासारखी ताजी. पण तिच्या हातात आता काहीतरी धरायला होतं. कुणी भेटायला आलं की ती सांगायची, शेवटी ते काय म्हणाले ते. माणसं डोळे पुसायची. रुचिता स्वयंपाकघरात जायची.

फाल्गुनात शेवंताआत्या दुपारची आली. रुचिता ओट्याशी वांगी चिरत होती. बाहेर आई सांगत होती.

"मले म्हणाले, तुझ्याशी भांडण्यात जन्म बरा गेला. आन् म्हणाले, पायाची आग होऊन राहिली, पायमोजे काढ. मी काढले. उजव्याले भोक होतं. म्हणाले, पाहिलं का, शिवले नाही तू. मी म्हटलं, घरी चला, शिवून देतो."

रुचिताने सुरी ठेवली. ती बाहेर आली.

"आई, हे पायमोज्यांचं तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" पुष्पकला म्हणाली. "मी होती ना तिथं."

आत्याने आधी वहिनीकडे, मग भाचीकडे पाहिलं.  रुचिताने मागच्या अंगणात जाऊन डॉ. गजभियेंना फोन लावला. तिने रचलेल्या त्या वाक्यासकट त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हेमराज गेले त्या दिवशी औषध पूर्ण चालू होतं," ते म्हणाले. "तिथून काही आत जाणं शक्य नाही. मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, रुचिता. तुम्ही एक वाक्य दिलंत, त्याच्याभोवती तो खोली बांधतोय. रोज सकाळी नव्याने बांधत असेल. उद्या पायमोजे नसतीलही."

"आणि असले तर?"

 "एखाद्या हमालावर औषध बसलं नसेल," ते म्हणाले. "लाखात एखाद्या. मी शास्त्रज्ञ आहे, नाही म्हणू शकत नाही. पण तुम्हाला एक करता येईल. शेवटी पाय तुम्हीच पुसले, असं म्हणाला होतात ना? मोजे होते की नव्हते, तुम्हाला आठवत असेल."

रुचिता अंगणात उभी राहिली. तिने डोळे मिटले. तिला चादर आठवली, निळ्या कडेची. सलाइनचा खांब आठवला. वडिलांचे पाय तिने स्वतःच्या हाताने पुसले होते, कोमट पाण्याने, बोटांच्या बेचक्यांतून. तिने ते पाय आठवायचा प्रयत्न केला. आधी मोजे होते का, कुणी काढले, कुठे ठेवले. तिने आयुष्यात कधी अडसर घेतला नव्हता. तिची सगळी दारं त्या दिवशी उघडी होती.

तिला आठवेना.